एकच माहिती पाच ठिकाणी का भरायची?

संपादक महोदय,

पगाराची तारीख जवळ आली की पगार विभाग रात्री उशिरापर्यंत बसतो, आणि त्यावर सगळे एकच उपाय सांगतात : सॉफ्टवेअर घ्या. पण रोग वेगळाच आहे. नवा माणूस रुजू झाला की त्याचे नाव, रुजू तारीख आणि खाते क्रमांक भरतीच्या फाइलीत, हजेरीच्या यंत्रात, पगाराच्या शीटमध्ये, विम्याच्या यादीत आणि बँकेच्या फाइलीत पाच वेगवेगळे हात भरतात. हे सगळे तसेच ठेवून सॉफ्टवेअर आणले, तर भरायची जागा फक्त एकाने वाढते.

कोणती माहिती कोण आणि कुठे एकदाच भरणार, हे आधी कागदावर ठरवा. बाकी सगळीकडे ती कर्मचारी क्रमांकावरून यावी, नावावरून कधीच नको. आडनाव एकीकडे आधी असते, दुसरीकडे शेवटी. हा क्रमांकही 'टेक्स्ट' म्हणूनच ठेवायचा, कारण एक्सेल ००४७ चे ४७ करते आणि मग सूत्राला तो माणूस सापडत नाही. खाते क्रमांकाचे त्याहून वाईट होते. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच धरून ठेवते. १६ अंकी क्रमांक आकडा म्हणून पेस्ट केला की शेवटचा अंक शून्य होतो, तोही कुठलीही सूचना न देता. त्या माणसाचा पगार अडकतो आणि चूक कळते ती त्याचा फोन आल्यावर.

सर्वांत जास्त वेळ खाते ती हजेरी. रात्रपाळीचा कामगार रात्री १० ला आत येतो, सकाळी ६ ला बाहेर पडतो. यंत्राचा दिवस मध्यरात्री संपत असेल तर एका तारखेला फक्त 'आत' उरते, दुसरीला फक्त 'बाहेर', आणि कामगार नियमित येऊनही हजेरी अपुरी दिसते. मग कुणीतरी दर महिन्याला शेकडो ओळी हाताने दुरुस्त करत बसतो. पाळी ज्या तारखेला सुरू झाली त्याच तारखेला पूर्ण धरायची, ही सेटिंग बहुतेक हजेरी प्रणालींत असते. ती कुणी उघडून पाहिलेली नसते. राहिलेल्या पंचची, म्हणजे आत-बाहेरच्या नोंदींची, यादीही दुसऱ्याच दिवशी पर्यवेक्षकाकडे जायला हवी. तीन आठवड्यांनी विचारले तर तो बिचारा अंदाजानेच सही करणार.

हजेरी मागच्या महिन्याच्या २१ तारखेपासून या महिन्याच्या २० तारखेपर्यंत धरावी आणि २० नंतर आलेला बदल पुढच्या महिन्यात फरक म्हणून द्यावा. हा नियम साहेबांनाही लागू हवा. "एवढे एकच नाव घ्या ना" म्हटले की पगारपत्रक पुन्हा चालवायचे, बँकेची फाइल पुन्हा काढायची आणि तपासणीही पुन्हा पहिल्यापासून करायची. मंजुरी देणारा रजेवर असेल तर त्याच्या जागी कोण, तेही आधीच नेमून ठेवावे.

तपासणीसाठी प्रत्येक ओळ वाचणे सोडून द्या. समजा मागच्या महिन्याची संख्या २१२, नवे ९, गेलेले ४, म्हणजे पत्रकात २१७ नावे हवीत. मग चारच याद्या काढा : हातात येणारा पगार १० टक्क्यांहून अधिक बदललेले, शून्य किंवा उणे पगार आलेले, एकच खाते क्रमांक दोनदा असलेले, आणि या महिन्यात खाते बदललेले. शेवटची यादी भरणाऱ्याने स्वतः तपासू नये. खाते बदलण्याची विनंती ईमेलवर आली असेल तर त्या कर्मचाऱ्याला नोंदीतल्या जुन्या क्रमांकावर फोन करून विचारावे.

एवढी घडी बसल्यावर सॉफ्टवेअर जरूर घ्या. जुनी आणि नवी पद्धत निदान दोन महिने समांतर चालवा, आणि त्यात नोकरी सोडणाऱ्याचा अंतिम हिशेब व थकबाकी दोन्ही येऊ द्या. आकडे जुळत नसतील तर आधी दोनच गोष्टी पाहा : एका दिवसाचा पगार काढताना भागाकार ३० ने होतो, कामाच्या दिवसांनी की महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांनी; आणि पूर्णांक प्रत्येक भत्त्याचा केला जातो की फक्त शेवटच्या बेरजेचा.

– पगारपत्रकाचे काम करणारे काही वाचक