बाबा, तुमचा नेकबँड हरवलेला नाही

प्रिय आई-बाबा,

आधी कबुली देते, मग बाकीचं. बाबा, तुमचा तो निळा नेकबँड, गळ्यात अडकवून कानात घालायचा तो ब्लूटूथ इअरफोन, हरवलेला नाही. गेल्या रविवारी निघताना मीच तो टीव्हीच्या कपाटावरून उचलून पर्समध्ये टाकला. तुम्ही चार दिवस गादीखाली, सोफ्याच्या फटीत, अगदी शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्येसुद्धा शोधताय असं आई म्हणाली तेव्हा मी "असेल तिथेच कुठेतरी" असं धडधडीत खोटं बोलले, आणि तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाहीये.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही सगळ्यालाच "हो हो, बरं बरं" म्हणता आणि हल्ली माझ्या लक्षात यायला लागलंय की त्यातलं निम्मं तुम्हाला ऐकूच आलेलं नसतं. लिहिलेलं मात्र तुम्ही डेपोचं सर्क्युलर वाचल्यासारखं चष्मा पुसून शेवटपर्यंत वाचता. म्हणून पत्र.

का उचलला ते सांगते. चिनूने पहिल्या पगारातून आजोबांना घेऊन दिलेली वस्तू, तुमचा जीव आहे त्यात, माहितीये मला. पण त्याच्या दोन्ही टोकांना लोहचुंबक असतं, म्हणून तर ती टोकं एकमेकांना टक्कन चिकटतात. तुम्ही दिवसभर तो गळ्यात घालून फिरता आणि ती टोकं लोंबतात नेमकी कुठे, तर डाव्या खांद्याच्या खाली, जिथे दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवलाय. पेसमेकरच्या अगदी जवळ चुंबक आलं की तो हृदयाचे ठोके बघून गरजेपुरतं काम करायचं सोडून एका ठरलेल्या गतीने चालायला लागू शकतो. डॉक्टर तपासणीच्या वेळी मुद्दाम चुंबक ठेवून हेच करतात. चुंबक लांब गेलं की परत पहिल्यासारखा. आई, तू लगेच देव पाण्यात ठेवू नकोस, काहीही झालेलं नाहीये. पण जे डॉक्टरांनी टेबलावर झोपवून करायचं ते भाजी मंडईत मेथीची जुडी निवडताना कशाला व्हायला हवं?

आणि हो, शेजारच्या काकांनी तो मेसेज पाठवला होता ना, ब्लूटूथच्या लहरींनी मेंदू शिजतो म्हणून, तो डिलीट करा. ब्लूटूथची ताकद मोजतात मिलिवॅटमध्ये, आपण कानाला लावतो तो फोन त्याच्या कितीतरी पट जोर लावत असतो. प्रश्न लहरींचा नाहीये, चुंबकाचा आहे. नियम एकच, पेसमेकरपासून १५ सेंटिमीटर लांब. तुमच्या हाताची वीत त्याहून मोठीच भरेल, तेव्हा वीतभर धरा. हाच नियम फोनलाही, आणि आईच्या त्या पांढऱ्या इअरबड्सच्या डबीलाही, कारण तिचं झाकण चुंबकावरच बंद होतं. म्हणजे बाबा, तुमचा शर्टाचा खिसा. लायसन्स, डायरी, पेन, फोन, सगळा संसार त्यात असायचा. आता त्यात फक्त चष्मा आणि रुमाल. फोन पॅन्टच्या खिशात, आणि बोलताना उजव्या कानाला.

पार्सलमध्ये मोठा हेडफोन आहे, पूर्ण कान झाकणारा. किंमत विचारू नका, सेलमध्ये घेतलाय आणि दिवाळीला मी स्वतःला काही घेतलंच नव्हतं तर ते पैसे होतेच. गाद्या मऊ आहेत, चष्म्याची काडी टोचत नाही, मी स्वतः दोन तास घालून बसले होते. बटणं मोठी आहेत. आपला टीव्ही जुना, त्यात ब्लूटूथ नाही, म्हणून काडेपेटीएवढा एक ट्रान्समीटर सोबत आहे, तो टीव्हीच्या मागे लावायचा. तुम्ही लावत बसू नका, चिनू शनिवारी माझ्याबरोबर येतोय, तो लावेल. कधीकधी ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो, तसं झालं तर टीव्हीवर चापट्या मारू नका. चुंबक यातही आहे बरं का, स्पीकर म्हटला की ते आलंच, पण कानावर असेपर्यंत ते पेसमेकरपासून लांब असतं. म्हणून कानावरून काढला की गळ्यात अडकवायचा नाही, सरळ कपाटावर. आणि आई, हे बातम्या बघता बघता झोपले आणि हेडफोन घसरून छातीवर आला तर उठवलंस तरी चालेल, पण तो उचल.

आता जे लिहायला मला दोन दिवस लागले ते.

रविवारी परतीच्या गाडीत सहज म्हणून तुमचा नेकबँड माझ्या फोनला जोडला आणि गाणं लावलं. आवाज फुल्ल. अक्षरशः कानात कोणीतरी ताट आपटलं असं झालं, दोन सेकंदांत ओढून काढला मी. तुम्ही रोज दोन-दोन तास हे ऐकता, आणि तुम्हाला ते मोठं वाटत नाही. आणि त्याच सकाळी मी तुमच्यावर खेकसले होते, "बाबा किती तो आवाज, सगळी आळी ऐकतेय", आणि तुम्ही काही न बोलता टीव्ही बंद करून बाहेर ओट्यावर जाऊन बसलात. खंबाटकीचा बोगदा आला तेव्हा बरं वाटलं, अंधारात कोणी बघत नाही.

तुमचा काही दोष नाहीये यात. ३० वर्षं एसटी चालवलीत, डाव्या हाताला ते तापलेलं इंजिन, त्यावर झाकलेलं बॉनेट, कुंभार्ली घाटात सेकंड गिअरवर ओरडणारी गाडी, कान किती सोसणार? मला आठवतंय, मुक्कामी ड्युटी करून आलात की तुम्ही आमच्याशी घरातसुद्धा मोठ्याने बोलायचात आणि आम्हाला वाटायचं बाबा चिडलेत. आणि हेच बाबा विसर्जनाच्या मिरवणुकीत मला खांद्यावर घ्यायच्या आधी आईच्या वातींच्या डब्यातला कापूस काढून माझ्या कानात बोळे घालायचे. ढोलापाशी आलो की वर तुमचे दोन्ही तळवे माझ्या कानांवर. तुमच्या कानांवर कोणाचे होते?

म्हणून आता मी आगाऊपणा करणार आहे, ऐकून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण ९० डेसिबलचा फक्त ४ तास. दहाने आवाज वाढला की मुभा दहा पटीने कमी. आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत, टक्कल परवडलं. फोनवर "आवाज जास्त आहे" असं पिवळं काहीतरी येतं ना, ते तुम्ही न वाचता ओके करता, ते करायचं नाही. आवाजाची पट्टी निम्म्याच्या थोडी वर, ६० टक्क्यांच्या पुढे नाही. तासाभराने दहा मिनिटं काढून ठेवायचा. पंख्याच्या आवाजावर मात करायला म्हणून वाढवायचा नाही, पंखा एकवर करा.

आणि सकाळी प्रीतिसंगमावर फिरायला जाताना काहीही घालायचं नाही. एका कानातसुद्धा नाही. कारखाने चालू असताना उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर कसे येतात आणि त्यांच्यावरची गाणी कशी चालू असतात ते मी तुम्हाला सांगायला नको, त्या माणसाला हॉर्न मारायचीही शुद्ध नसते. उभी हयात रस्त्यावर गेली तुमची, रस्ता कानांनीही बघायचा असतो हे मला तुम्हीच शिकवलंत, लुना शिकवताना.

आता आई. तू गालातल्या गालात हसू नकोस, तुझंही आहे. स्वयंपाक करताना दोन्ही कानांत हरिपाठ, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून डाळ करपली, हे मला बाबांनीच सांगितलं. ओट्याशी असताना एकच बड, दुसरा डबीत. कणकेचा हात लावू नकोस. त्याची जाळी सेफ्टी पिनने टोकरू नकोस, जाळी फाटते आणि मळ आत जातो, कोरडा मऊ ब्रश फिरव, आमच्या जुन्या टूथब्रशचा चालेल. रबरी टोप्या काढून साबणाच्या पाण्यात धुतल्या तरी चालतात, पण बड पाण्यात नाही, आणि टोप्या खडखडीत वाळल्यावरच लावायच्या. कानात तेल घातलं त्या दिवशी बड घालायचे नाहीत. बाबांचे तू आणि तुझे बाबांनी घालायचे नाहीत, ४२ वर्षांचा संसार असला तरी, कानाचं इन्फेक्शन नवरा-बायको बघत नाही. बाबांच्या हेडफोनच्या गाद्यांना खोबरेल लागणारच, रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसत जा, नाहीतर वरचं आवरण सोलपटतं.

आणि चार्जिंग देवघराच्या फळीवर नाही गं, शेजारी निरांजन आणि वायर प्लास्टिकची! उशीखालीही नाही. टीव्हीपाशी उघड्यावर, जागे असताना लावायचं, भरलं की काढायचं. डबी गरम लागली किंवा फुगल्यासारखी दिसली तर वापर बंद, आणि घंटागाडीत टाकू नका, मला द्या, मी इथे ई-कचऱ्यात देते.

एक राहिलं. बाबा, रागावू नका. शनिवारी दुपारी ४ ची वेळ घेतलीय कानाच्या तपासणीची, पैसे भरून झालेत. हेडफोनने आवाज मोठा होतो, ऐकू येणं सुधारत नाही. काचेच्या खोलीत बसायचं, बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं, इतकंच, सुई नाही की काही नाही. वयाने आधी बारीक आवाज जातात, स, फ, त असली अक्षरं, बायकांचे नि पोरांचे आवाज. म्हणून तुम्हाला दादाचं कळतं आणि माझं कळत नाही. मी उगाच समजत होते की तुम्ही दादाचंच ऐकता. मशीन लागलं तर लागलं, चष्मा लागला तेव्हाही तुम्ही महिनाभर खिशातच ठेवला होता.

नेकबँडचं चिनूला सांगितलंय, त्याला वाईट वाटलं नाही, तो आता तोच वापरणार आहे. शनिवारी येताना चितळ्यांची बाकरवडी आणते, आई, तू काही करत बसू नकोस.

तोपर्यंत टीव्ही लावा बाबा. हवा तेवढा मोठा लावा. आळीला मी बघून घेते.

तुमची,
मनू