पॅकेजचा भाव नंतर, आधी महिना विचारा

संपादक महोदय,

उन्हाळी सुट्टी जवळ आली की आतल्या पानांवर ‘फुकेट-क्राबी, चार रात्री पाच दिवस, दोन मोठे, एक लहान’ अशा परदेशी सहलींच्या जाहिरातींच्या चौकटी झळकू लागतात. आता तालुक्याच्या गावांतूनही असे बुकिंग होते. चौकटीत भाव ठळक असतो, पण त्या महिन्यात तिथला समुद्र कसा असतो, याचा एक शब्द नसतो.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. त्यामुळे आपल्याकडची सहल मे-जूनमध्ये निघते. नेमका तेव्हाच थायलंडच्या पश्चिमेकडच्या फुकेट-क्राबीच्या किनाऱ्यावर पावसाळा लागलेला असतो आणि तो ऑक्टोबरपर्यंत चालतो. भाव उतरतो तो त्यामुळेच. समुद्र खवळला की लाल बावटा लागतो, म्हणजे पाण्यात पाय घालायचा नाही. त्याच थायलंडच्या पूर्वेकडचे सामुई बेट मात्र तेव्हा बऱ्यापैकी कोरडे असते, कारण तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. तेव्हा उन्हाळ्यात सामुई आणि नाताळात फुकेट, असा साधा हिशेब आहे. बालीत एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम. पण तिथेही कुटा-सेमिन्याकचे किनारे लाटांवर खेळणाऱ्यांचे. लेकरांसाठी सानूर किंवा नुसा दुआ. तिथे प्रवाळाच्या बांधावर लाट दूरच फुटते आणि काठाशी पाणी संथ राहते.

पैनगंगा-वर्धेच्या काठी वाढलेल्या माणसाचा डोळा समुद्रावर फसतो. नदीत खळाळत्या पाण्याला आपण भितो आणि संथ दिसले की पोरांना उतरवतो. समुद्रात बरेचदा उलटे असते. लाटा जिथे पांढऱ्या होऊन फुटतात, तिथे खाली वाळूचा उंचवटा असतो. दोन उंचवट्यांच्या मध्ये एक पट्टा गुळगुळीत, जरा गडद दिसतो. त्यात लाट फुटत नाही, आणि फेस, गढूळ वाळू काठाकडे येण्याऐवजी बाहेर सरकताना दिसते. काठावर येऊन पडलेले पाणी त्याच वाटेने परत समुद्रात जाते. लेकराला उतरवायला सगळ्यात ‘शांत’ वाटणारी जागा हीच, आणि आत ओढून नेणारीही हीच. उतरण्याआधी थोड्या उंच जागी उभे राहून दहा मिनिटे पाणी पाहावे. ओढ लागलीच तर काठाकडे जोर लावू नये, दम तिथेच संपतो. काठाला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावे आणि मग लाटेबरोबर बाहेर यावे. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधल्या भागावर जीवरक्षकाची नजर असते. मुलांना तिथेच उतरवावे.

हवा भरलेली रिंग किंवा दंडातले फुगे म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. जमिनीकडून वारा सुटला की रिंग मुलासकट आत सरकते. जॅकेट मुलाच्या वजनाप्रमाणे घ्यावे आणि पायांमधून जाणारा पट्टा आहे का ते पाहावे, नाहीतर पाण्यात ते गळ्यावर चढते. रिसॉर्टच्या तलावावर पुष्कळ ठिकाणी जीवरक्षक नसतो. पाच वर्षांखालचे मूल हाताच्या अंतरावरच हवे. मोबाइल बघत खुर्चीवरून राखण होत नाही.

मालदीवच्या जाहिरातीत पाण्यावरची लाकडी खोली दाखवतात. तिच्या गच्चीवरून पायऱ्या थेट समुद्रात उतरतात, आणि कठडा असेलच असे नाही. रांगते-चालते मूल असेल तर वाळूवरची खोलीच मागावी. दूरच्या बेटांवर नेणारी पाण्यावर उतरणारी विमाने फक्त दिवसाउजेडी उडतात. राजधानी मालेला दुपार टळून पोहोचलात तर त्या रात्रीचे हॉटेल अंगावर पडते. म्हणून सकाळी पोहोचणारे विमान घ्यावे. पूजेची मूर्ती तिथल्या कस्टममध्ये चालत नाही, देवघरातला छोटा गणपती घरीच ठेवावा. आणि चिवड्यासाठी घेतलेल्या खोबऱ्याच्या वाट्या कुठल्याच विमानाच्या सामानात टाकू नयेत. सुके खोबरे पेट घेते, त्यामुळे आपल्याच विमानतळावर ते काढून ठेवतात.

खाण्याचे फार अडत नाही. भात सगळीकडे मिळतो. फक्त थायलंडमध्ये ‘व्हेज’ म्हटलेल्या भाजीतही माशाचे सॉस पडते. ‘जे’, म्हणजे पूर्ण शाकाहारी, असे सांगितले तर पडत नाही.

खरी दमछाक कागदांची. पहिले बाळंतपण माहेरी, त्यामुळे जन्माची नोंद आईच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत. दाखल्यावर कधी बाळाचे नाव कोरे, कधी आईचे नाव माहेरचे आणि आधार-पासपोर्टवर सासरचे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून पासपोर्टला जन्मदाखलाच लागतो, दुसरा कागद चालत नाही. म्हणून तिकिटाआधी दाखला दुरुस्त करावा. अर्जासोबत दोन्ही पालकांच्या सहीचे परिशिष्ट ‘डी’ हे घोषणापत्र लागते आणि मूल प्रत्यक्ष न्यावे लागते. चार वर्षांखालच्या बाळाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटरचा फोटो सोबत असावा. लहान मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. बहुतेक ठिकाणी सहा महिने मुदत शिल्लक लागते, म्हणजे तो चालतो साडेचारच वर्षे. आईवडिलांचा दहा वर्षांचा पाहून लेकराचाही चालू असेल असे धरणारे विमानतळावर अडकतात.

थायलंडचे डिजिटल आगमन कार्ड १ मे २०२५ पासून सक्तीचे आहे. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे, फुकट, आणि कडेवरच्या बाळाचेही वेगळे. पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत. दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवरचे तिकीट असते. मात्र परतीच्या दिवसाआधी दुसरा वाढदिवस येत असेल तर परतीची सीट घ्यावी लागते.

शेवटी शेतकरी कुटुंबांच्या कामाची गोष्ट. परदेशी पॅकेजच्या बिलात टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ वसूल केलेला प्राप्तिकर, लावतात. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो, पण विवरणपत्र भरले तरच. शेतीचे उत्पन्न करमुक्त म्हणून आपल्याकडे अनेकजण ते भरतच नाहीत आणि रक्कम तशीच पडून राहते. घरात नोकरी किंवा दुकान असलेला कोणी विवरणपत्र भरत असेल तर बुकिंग त्याच्या पॅनवर करावे, आणि रक्कम त्या पॅनवर जमा दिसते का, ते प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर पाहून घ्यावे.

एक वाचक
दारव्हा, जि. यवतमाळ