पोळीचे तुकडे करून पाठवणाऱ्या काकूंना

तीर्थस्वरूप काकूंना,
सादर नमस्कार.

प्लास्टर निघून आज चार दिवस झाले. समोर येऊन आभार मानू लागले की "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय भाजीच्या भावावर नेता, म्हणून चार लोकांच्या देखत हे पत्र लिहीत आहे.

२८ एप्रिलला गच्चीच्या जिन्यावरून पडून माझे उजवे मनगट मोडले आणि लगोलग मुलांना सुट्टी लागली. एरवी मे महिन्यात मुले मामाकडे जातात. यंदा मामाकडे नेमके घराला रंग देण्याचे काम निघाले. मुलांच्या मावशीने "काही लागलं तर निःसंकोच सांग" असे फोनवर तीनदा बजावले आणि त्याच दमात आपल्या महाबळेश्वरच्या बुकिंगची तारीखही सांगितली. मला कोणाचाच राग आला नाही, असे लिहिले तर ते खोटे होईल.

धुणे-भांडी ह्यांनी अंगावर घेतली, डबाही लावला. परंतु डाव्या हाताने पोळी तोडता येत नाही, ती ताटभर नुसती सरकत राहते, हे हात मोडेपर्यंत मला तरी कुठे ठाऊक होते? मी वरण-भात चमच्याने खाऊन उठत असे आणि पोळी नको म्हणत असे. घरात कोणाच्याही ते लक्षात आले नाही. मग एके दुपारी तुमचा स्टीलचा डबा आला. त्यात तूप लावलेल्या पोळ्यांचे घासाएवढे तुकडे होते. धाकट्यासाठी असतील असे समजून मी डबा त्याच्याकडे सरकवला, तेव्हा थोरली म्हणाली, "आई, तो तुझा आहे. आमच्या पोळ्या अख्ख्या आहेत." मी उठून ओट्याकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिले.

त्यानंतर महिनाभर तो डबा येत राहिला आणि तुकड्यांबद्दल तुम्ही एकदाही बोलला नाहीत. काय हवे ते विचारणारे पुष्कळ भेटतात, पण विचारले की संकोचाने "काही नको" हेच तोंडातून बाहेर पडते; न विचारता पाहणारे माणूस विरळाच.

मुलांना तर तुम्ही कुरडयांच्या कामालाच जुंपलेत. तीन दिवस भिजत घातलेल्या गव्हाचे रोज पाणी बदलायचे, चीक शिजला की वाटीभर गरम गरम खायचा, दोघांनी मिळून सोऱ्या दाबायचा आणि मग गच्चीवर काळी छत्री घेऊन कावळे हाकत बसायचे, या दिनक्रमात ती इतकी रमली की मामाच्या गावाची आठवणही निघाली नाही. धाकटा आता वाळलेली कुरडई कानाशी धरून, मोडून, तिचा आवाज तपासतो. ही परीक्षा तुम्ही शिकवलीत की त्याने स्वतःच काढली, ते मात्र सांगा.

सोमवारी शाळा सुरू होत आहे. तुमचा डबा थोरलीबरोबर पाठवते आहे. डबा रिकामा पाठवू नये म्हणून त्यात चार पोळ्या आहेत. मला लाटायला डॉक्टरांची अजून मनाई असल्याने त्या तिनेच लाटल्या आहेत. एकही गोल नाही. पण अख्ख्या ठेवल्या आहेत.

आपली,
वरच्या मजल्यावरची सूनबाई