लांबच्या टप्प्यासाठी कॅलिबर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. एल्कच्या, म्हणजे त्या मोठ्या जातीच्या हरणाच्या, शिकारीचा परवाना हातात आला हे वाचून आनंद झाला. पाचशे-सहाशे यार्डांवरून मारायचं तर .३०० विंचेस्टर मॅग्नम (मॅग्नम म्हणजे जादा दारूचं, जोरदार काडतूस) रायफल पुरेल की त्याहून मोठी घेऊ, असं तू विचारलं आहेस. आधी मी हा हिशोब कसा मांडतो ते सांगतो. सुरुवात जनावरापासून कर आणि शेवट स्वतःच्या खांद्यापाशी कर. कॅलिबर, म्हणजे नळीची आणि गोळीची जाडी, या दोन्हींच्या मध्ये आपोआप सापडतं.

मोठं जनावर पडतं ते फुप्फुसं किंवा हृदय फाटल्यामुळे. त्यासाठी गोळी आत शिरून फुलली पाहिजे, आणि फुलायला वेग लागतो. बहुतेक शिकारी गोळ्यांना धडकताना सेकंदाला निदान १८०० फुटांचा वेग हवा. काही गोळ्या १६०० पर्यंत चालतात, तर निखळ तांब्याच्या गोळ्यांना सहसा जास्तच लागतो. वेग त्याखाली गेला की कितीही जाड गोळी असो, ती सुईसारखी आरपार जाते आणि जनावर जखम घेऊन चालत राहतं. म्हणून काडतुसाच्या खोक्यावरचा नळीच्या तोंडाशी असलेला वेग वाचून भुलू नकोस. त्याच खोक्यावर किंवा उत्पादकाच्या तक्त्यात पुढच्या टप्प्यांचे आकडे असतात, ते पाहा.

६.५ क्रीडमूर या मध्यम ताकदीच्या काडतुसाचंच घे. १४३ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला सुमारे २७०० फुटांनी निघते आणि पाचशे यार्डांवर २००० च्या आसपास उरते. म्हणजे ती फुलेल. पण एल्कसाठी शिकारी मंडळी धडकेची ऊर्जा निदान १५०० फूट-पौंड धरतात, आणि ही गोळी चारशे यार्डांच्या जवळपास त्याच्या खाली उतरते. १५०० हा काही निसर्गनियम नाही. जागा चुकली तर तीन हजारांनीही काही होत नाही. तरी सहाशे-सातशे पौंडांचं जनावर आणि त्याचं जाड खांद्याचं हाड समोर असताना मी तो आकडा पाळतो. लहान हरणासाठी हीच रायफल मी डोळे झाकून सुचवली असती.

आता तुझी .३०० विन मॅग. १९६३ पासून ती लोकांच्या हातात आहे, काडतूस बहुतेक ठिकाणी मिळतं आणि ताकदीबद्दल शंका नाही. १८० ग्रेनची गोळी निघताना ३५०० फूट-पौंडांच्या घरात असते. पण ७ मिमीच्या घरात डोकावून पाहा असं मला मनापासून वाटतं. ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम १९६२ ची आहे, ७ मिमी पीआरसी अगदी अलीकडची, २०२२ ची. या जाडीच्या गोळ्या लांबट आणि निमुळत्या असतात, हवा कापत जातात, त्यामुळे वेग टिकून राहतो. पीआरसीची १७५ ग्रेनची गोळी पाचशे यार्डांवर दोन हजार फूट-पौंडांच्या वर असते. म्हणजे त्या टप्प्यावर ती .३०० विन मॅगला हार जात नाही, आणि धक्का थोडा कमी देते. जुनी रेमिंग्टनही पाचशेवर १५०० च्या वर राहते. एक मात्र तपास: नळीच्या आतल्या आट्यांचा पीळ. लांब गोळीला घट्ट पीळ लागतो. जुन्या ७ मिमी आणि .२७० च्या नळ्या आखूड गोळ्यांसाठी कातलेल्या असत. त्यांत आजची सर्वांत लांब, जड गोळी स्थिर फिरेलच असं नाही.

मोठं कॅलिबर घेतलं की अंतर आपोआप वाढतं, असा समज फार पसरलेला आहे. १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला .२७५ रिग्बी भेट मिळाली. ते काडतूस म्हणजे ७×५७ माउझर, आजच्या मॅग्नमपुढे बरंच सौम्य. कॉर्बेट जवळ जाऊन मारत असे, म्हणून ते त्याला पुरलं. दूरवरून मारताना कॅलिबर थोडीफार मदत करतं, पण वाऱ्याचं कोडं तुलाच सोडवावं लागतं.

वाऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण जनावरं जखमी होतात ती बहुधा यामुळेच. गोळी किती खाली पडेल हे अंतरमापक आणि तक्ता सांगतो. दोनशे यार्डांवर नेम बसवलेली क्रीडमूर पाचशेवर साडेतीन फुटांहून थोडी जास्त खाली येते, आणि ती रोज तेवढीच येते. वारा तसा नाही. ताशी १० मैलांचा आडवा वारा हीच गोळी पाचशेवर सव्वा फुटाच्या आसपास बाजूला नेतो. मॅग्नम घेतलीस तर त्यात दोन-तीन इंच वाचतात. पण तू १० ऐवजी ६ मैल धरलास की सहा इंच गेले, आणि एल्कच्या छातीतला मर्माचा भाग फूट-सव्वा फूटच असतो. मध्यावर धरलेली गोळी त्याच्या कडेला जाते, आणि जरा आणखी चुकली की पोटात. तुझ्या पायाशी गवत हलत नसतं तेव्हाही दरीच्या मध्यावर वारा वाहत असतो. शिवाय गोळीला पाचशे यार्ड जायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. तेवढ्यात चालत्या जनावराचं एक पाऊल सहज पुढे पडतं. म्हणून त्या टप्प्यावर चालत्या जनावरावर कधीही बार टाकू नकोस, कॅलिबर कोणतंही असो.

आणि खांदा. सारख्याच वजनाच्या रायफलीत .३०० विन मॅगचा धक्का ६.५ क्रीडमूरच्या दुप्पट असतो, किंबहुना थोडा अधिकच. हलक्या डोंगरी रायफलीत तो आणखी बोचतो. आपण धक्क्याला घाबरतो की नाही हे स्वतःला कळत नाही, ते तपासावं लागतं. मैदानावर सोबत्याला तुझी रायफल भरायला सांग. कधी खरं काडतूस, कधी नकली, तू पाहायचं नाहीस. नकलीवर चाप ओढलास की नुसतं टक् होतं, आणि त्या शांततेत नळीचं टोक काय करतं ते दोघांनाही स्पष्ट दिसतं. ते झटक्यात बोटभर खाली गेलं, डोळा मिटला, खांदा पुढे आला, तर ती रायफल तुझ्यासाठी मोठी आहे. नळीच्या तोंडाला ब्रेक (वायू बाजूला फेकणारा तुकडा) लावून धक्का कमी होतो, पण आवाज कानठळ्या बसवणारा होतो. कानांना संरक्षण नसेल तर तो लावूच नकोस.

माझं मत विचारशील तर ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम घे. काडतूस मिळायला सोपं, ताकद भरपूर, धक्का सोसण्यासारखा. पीआरसी काकणभर सरस आहे, पण तिची काडतुसं तुला वर्षभर सरावाला पुरतील इतकी मिळतील याची खात्री करूनच तिच्या वाटेला जा. .३०० हवीच असेल तर मी अडवणार नाही, वरची परीक्षा पास झालास तर. .३३८ लापुआ या त्याहून मोठ्या काडतुसाचा विचार सोड. एल्कसाठी एवढं वजन आणि एवढा धक्का अंगावर घ्यायचं कारण नाही.

अंतर मात्र मी आत्ता ठरवू देणार नाही. रायफल आली की टेबल आणि वाळूच्या पिशव्या सोडून दे. पाठपिशवीवर नळी टेकवून, पालथा पडून, गुडघ्यावर बसून, थोडं धावून धाप लागलेली असताना आठ इंचांच्या गोलावर मार. पाचपैकी पाच गोळ्या ज्या अंतरापर्यंत आत बसतात, ती तुझी हद्द. वाऱ्याच्या दिवशी ती आणखी आत घ्यायची. कदाचित ती साडेतीनशे निघेल, आणि साडेतीनशे निघाली तर उरलेले दीडशे यार्ड पोटावर सरपटत जायचे. जनावराने तुझ्या हौसेसाठी रात्रभर तडफडावं हे मला सहन होणार नाही, तुलाही होणार नाही हे मी जाणतो.

त्या भागात किमान कॅलिबर, गोळीचं वजन आणि शिशाच्या गोळ्यांबद्दल काय नियम आहेत ते खरेदीच्या आधी वाचून घे. शिसं चालत नसेल तर तांब्याची गोळी धरून सगळा तक्ता पुन्हा मांडावा लागेल आणि तुझी हद्द आणखी जवळ येईल. नियम कळले आणि नकली काडतुसाची परीक्षा झाली की दोन्ही मला लिही. दुर्बिणीबद्दल त्यानंतर सविस्तर लिहितो, तोवर ती विकत घेऊ नकोस.

तुझे
बाबा