‘अलाउ’ दाबल्यानंतरचे दुखणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस सापडले, ताबडतोब साफ करा’ अशा सूचना दिवसभर वाजू लागल्या की लोक आधी ब्राउझरची हिस्टरी पुसतात, मग एखादे अँटिव्हायरस टाकतात. सूचना तरीही येतच राहतात, कारण फोनमध्ये बहुतेक वेळा व्हायरस नसतोच. ‘हिस्टरी क्लीअर करा, इन्कॉग्निटो (हिस्टरी न ठेवणारी खिडकी) वापरा’ हा ठरलेला सल्ला इथे निरुपयोगी आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

फुकटचा सिनेमा किंवा पीडीएफ शोधताना एक पान उघडते : ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा.’ खरी कॅप्चा, म्हणजे माणूस की यंत्र हे पाहणारी चाचणी, चित्रे ओळखायला लावते किंवा चौकटीत टिक मागते. नोटिफिकेशनची परवानगी कधीच मागत नाही. अलाउ दाबले की ते पान बंद असतानाही त्या साइटला तुमच्या पडद्यावर सूचना टाकता येते. क्रोममध्ये ‘डिलीट ब्राउझिंग डेटा’ करताना ‘साइट सेटिंग्ज’पुढची टिक मुळात नसते. त्यामुळे हिस्टरी जाते, कुकीज (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा) जातात आणि ही परवानगी तेवढी मागे उरते.

सूचना नीट पाहिली तर तिच्यावर क्रोमचे चिन्ह आणि बारीक अक्षरांत साइटचा पत्ता दिसतो. तिच्यावर टिचकी मारू नये. अँड्रॉइडवर क्रोम उघडून तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असे जावे. परवानगी मिळालेल्या साइट्स तिथे दिसतात. अनोळखी नावावर जाऊन ब्लॉक करावे. संगणकावर ‘रिमूव्ह’ हाही पर्याय असतो, पण रिमूव्ह केलेली साइट पुन्हा विचारू शकते, ब्लॉक केलेली नाही. ही मंडळी पत्ते सारखे बदलतात, त्यामुळे वरचा मुख्य खटकाही बंद करून टाकावा. त्याने आधीच्या परवानग्या आपोआप जातील असे मात्र धरू नये. बातम्यांच्या सूचना हव्याच असतील तर त्या वर्तमानपत्राच्या ॲपवरून घ्याव्यात.

इन्कॉग्निटोबद्दलही गैरसमज फार. तो त्याच फोनवर हिस्टरी मागे ठेवत नाही, एवढेच. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीपासून किंवा ऑफिसच्या नेटवर्कपासून तो काही लपवत नाही. जाहिराती पाठलाग करतात त्या मुख्यतः थर्ड-पार्टी, म्हणजे उघडलेल्या साइटऐवजी तिसऱ्याच कंपनीने ठेवलेल्या, कुकीजमुळे. सफारीने त्या २०२० साली पूर्ण बंद केल्या, फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात कोंडल्या. गुगलने क्रोममधून त्या काढण्याची घोषणा २०२० मध्येच केली होती. २०२४ च्या जुलैत माघार घेतली. म्हणजे क्रोमवाल्यांना साइट सेटिंग्जमध्ये जाऊन ‘ब्लॉक थर्ड-पार्टी कुकीज’ हे स्वतःच निवडावे लागते. त्यानंतर कुठे दुसऱ्या कंपनीच्या खात्याने लॉगिन होत नाही, कुठे पानातला व्हिडिओ अडतो. अशा वेळी तेवढ्या एका साइटला सूट द्यावी. वैतागून सगळेच पुन्हा उघडू नये.

क्रोममधले ‘ऑलवेज यूज सिक्युअर कनेक्शन्स’ही चालू ठेवावे. जुन्या एचटीटीपी (मजकूर उघडाच पाठवणाऱ्या) साइटवर आधी इशारा येईल. नुसते वाचायचे असेल तर पुढे जावे, पासवर्ड टाकू नये. कुलपाचे चिन्ह पाहून साइट खरी समजण्याची सवय सोडलेली बरी. कुलूप एवढेच सांगत असे, की वाटेत कोणी मजकूर वाचत नाही. पलीकडे ठग आहे की बँक, ते नाही. क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतले कुलूप काढले ते याच गैरसमजामुळे.

एका ठिकाणी मात्र सुरक्षा आणि खासगीपणा यांची ओढाताण होते. क्रोमच्या सेफ ब्राउझिंगमध्ये, म्हणजे धोकादायक साइटपासून सावध करणाऱ्या सोयीत, ‘एन्हान्स्ड’ निवडले तर नव्या बनावट साइट लवकर पकडल्या जातात, पण उघडलेल्या पानांचे पत्ते तपासणीसाठी गुगलकडे जातात. ‘स्टँडर्ड’मध्ये हे बरेच कमी होते. आलेली प्रत्येक लिंक उघडणाऱ्या घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर ‘एन्हान्स्ड’च ठेवावे असे माझे मत आहे, लिंक ताडून पाहणाऱ्याला ‘स्टँडर्ड’ पुरते.

– एक वाचक, सातारा