दोरूच्या खोऱ्यातून घरी पत्र

पिन्याऊ, पोर्तुगाल
2 ऑक्टोबर

ती. आई-अण्णांस,
सा. न. वि. वि.

मी अगदी मजेत आहे. जेवणाची काळजी नको, इथे भात भरपूर मिळतो.

आई, मावशी काहीही म्हणो, मी बिघडलेलो नाही. पोर्ट वाइन बनते तिथे कामाला आहे, पण माझं काम द्राक्षं तोडायचं आणि पिपं धुवायचं. अण्णांच्या गळ्यात माळ आहे, हे माझ्या लक्षात असतं.

द्राक्षं तुडवतानाच्या त्या फोटोबद्दल नीट सांगतो. होय, द्राक्षं पायांनीच तुडवतात. ग्रॅनाइटचे उथळ हौद असतात, लागार म्हणतात त्यांना. रात्री जेवणं उरकली की मांडीपर्यंत पाय घासून धुवायचे आणि आत उतरायचं. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओळी करतात आणि म्होरक्याच्या हुकमावर दोनेक तास संथ पावलं टाकतात. मग अकॉर्डियन वाजतं आणि सगळे मोकळे नाचतात. यात अन्नाचा अपमान नाही गं. पायाखाली साल फुटते, बी फुटत नाही, म्हणून रस कडू होत नाही. शिवाय घाई असते. रस अर्धामुर्धा आंबला की दोन-तीन दिवसांतच त्यात द्राक्षाचंच 77 टक्क्यांचं स्पिरिट ओततात. आंबणं थांबतं, गोडी राहते. तेवढ्या वेळात सालीतला सगळा रंग उतरायला हवा. बऱ्याच ठिकाणी आता यंत्रं आली, पण आमच्या मालकांनी ही रीत सोडलेली नाही, आणि मला ते फार आवडतं.

अण्णा, इथे मांडव नाहीत. डोंगरउतारावर दगडी बांधांच्या पायऱ्या, आणि जमीन म्हणजे नुसता पाटीचा दगड. मुळं भेगांतून खोल जातात, जुन्या बागांना ठिबकही नाही. या खोऱ्याची हद्द पोंबाल नावाच्या दिवाणाने 1756 सालीच आखायला घेतली. हद्दीबाहेरच्या वाइनला युरोपात पोर्ट म्हणता येत नाही. आपल्या निफाडच्या द्राक्षाला असं कुणी जपलं असतं तर!

तुमची गोडी छाटणी आली आणि नेमकी इथे तोडणी. छाटणीनंतर डोळ्यांना औषधाची पेस्ट लावायचं काम मजूर लावूनच करा. अण्णांनी हात लावायचा नाही, गेल्या वर्षी दम लागला होता. मजुरीचे पैसे मी वेगळे पाठवतो.

सोसायटीचा हप्ता पंधरा तारखेपर्यंत खात्यावर येईल. धाकटीसाठी आलेलं चांदोरीचं स्थळ चांगलं आहे, पण तिची नर्सिंगची परीक्षा होऊ द्या. हॉलचा खर्च माझ्याकडे, अण्णांनी उचल घेऊ नये. माझ्यासाठी मामांनी बघितलेल्या मुलीकडच्यांना मात्र थांबवून ठेवू नका. राहण्याच्या परवान्याचं कार्ड हातात आल्याशिवाय मला निघता येत नाही, त्यामुळे या दिवाळीला जमणार नाही. आई, रागावू नकोस. फराळ पाठवायच्या खटपटीत पडू नकोस, इथे सगळं मिळतं. पाठवलाच तर चकल्या जास्त घाल.

तुमचा,
बाळू