खुर्ची सोडून कौलाला सामोरे गेलेले भाऊसाहेब

संपादक साहेब,
आमच्या पंचायतीत सध्या अविश्वास ठरावाचा खेळ चाललाय, पंच लोक कुठल्यातरी रिसॉर्टवर आणि आमचा घराचा दाखला महिनाभर टेबलावर पडून. अशावेळी गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर आठवतात. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा यावरचा, ते स्वतः विलीनीकरणाच्या बाजूचे, तरी कौलाआधी त्यांच्या सरकारने राजीनामा दिला, विरोधकांची मागणी होती म्हणून का असेना, पण दिला, सत्तेत राहून मतं फिरवली अशी शंका नको म्हणून. कौल विरुद्ध गेला, गोवा वेगळाच राहिला. आणि थोड्याच महिन्यांत निवडणूक होऊन भाऊसाहेबच परत मुख्यमंत्री! इथे साधा सरपंच खुर्ची सोडायला तयार नाही, गाडीवरची पाटी तर त्याहून नाही.

- एक वाचक, फोंडा